संकेत कुणाकडे जातो? : मोबाईलमधील छुप्या सेवासंकेतांची ओळख

मोबाईल फोनच्या कीपॅडवर दहा अंकांच्या जोडीला स्टार (*) आणि हॅश (#) ही दोन चिन्हे असतात, आणि ग्राहकसेवेच्या ध्वनिमुद्रित सूचनांना उत्तर देण्यापलीकडे त्यांचा फारसा उपयोग नाही, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात या चिन्हांच्या मध्ये ठरावीक अंक बसवले, की तोच कीपॅड फोनला, सिमकार्डाला किंवा मोबाईल कंपनीच्या यंत्रणेला प्रश्न विचारण्याचे साधन बनतो. आलेल्या उत्तरात कधी हँडसेटचा ओळखक्रमांक असतो, कधी टॉवरकडून पोहोचणाऱ्या लहरींचे मोजमाप असते, तर कधी आपल्याकडे येणारे कॉल दुसऱ्या एखाद्या क्रमांकाकडे वळवले गेले आहेत काय याचा खुलासा असतो. अंक आणि चिन्हे यांच्या अशा जुळणीला या पुस्तकात 'सेवासंकेत' म्हटले आहे. लोक त्यांना 'सिक्रेट कोड' म्हणतात, आणि समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या लांबलचक याद्यांनी त्या नावाभोवती उगाच एक गूढ वलय उभे केले आहे.

वस्तुतः यांतील महत्त्वाचे संकेत मुळीच गुप्त नाहीत. ते आंतरराष्ट्रीय मानकांत छापलेले आहेत आणि ती मानके कोणालाही वाचता येतात. अडचण वेगळीच आहे. दिसायला अगदी सारखे असणारे हे संकेत तीन-चार निरनिराळ्या ठिकाणी जातात: काही हँडसेटमधल्या हँडसेटमध्येच सोडवले जातात, काही सिमकार्डापर्यंत पोहोचतात, काही मोबाईल कंपनीच्या नोंदवहीला हात घालतात आणि काही त्या कंपनीने स्वतः उभारलेल्या सेवेकडे जातात. याद्या तयार करणारे हा भेद करीत नाहीत, आणि म्हणून एका फोनवर चालणारा संकेत दुसऱ्यावर का चालत नाही, एका कंपनीच्या सिमवर मिळणारे उत्तर दुसरीच्या सिमवर का मिळत नाही, हे वाचकाला कळत नाही. संकेत पाठ करण्यापूर्वी तो कुणाकडे जातो आणि त्याचे उत्तर कोण देतो हे जाणून घ्यावे, या एका सूत्राभोवती पुढील प्रकरणांची मांडणी केलेली आहे.

स्टार आणि हॅश ही चिन्हे मोबाईलच्या जन्माआधीची आहेत. अमेरिकेतील बेल कंपनीने १९६३ च्या नोव्हेंबरमध्ये तबकडीऐवजी बटणांचा टेलिफोन ग्राहकांसाठी आणला तेव्हा त्यावर केवळ दहा बटणे होती. उरलेली दोन १९६८ मध्ये आली. बटण दाबताच दोन स्वरांची एक जोडी तारेवरून जाई आणि एक्स्चेंज ती ओळखत असे. मोबाईलमध्ये क्रमांक लावताना असे स्वर पाठवले जात नाहीत. दाबलेली सगळी चिन्हे आधी हँडसेटच वाचतो आणि मगच त्यांचे काय करायचे ते ठरवतो. हा फरक वरवर किरकोळ वाटला तरी सेवासंकेतांची सगळी यंत्रणा त्यावरच उभी आहे, कारण 'हा फोन लावायचा क्रमांक आहे की आज्ञा आहे' हा निवाडा कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये नव्हे, तर वापरणाऱ्याच्या हातातल्या यंत्रात होतो.

युरोपात जीएसएम ही मोबाईल प्रणाली घडत असताना निरनिराळ्या उत्पादकांच्या हँडसेटवर निरनिराळ्या भाषांतले मेनू असणार हे उघड होते. तेव्हा मेनू कोणताही असला तरी चालतील अशा आज्ञा कीपॅडवरून देता याव्यात, यासाठी 'जीएसएम ०२.३०' हे मानक तयार झाले, आणि पुढे थ्रीजीपीपी या मानके ठरवणाऱ्या संघटनेने तेच '२२.०३०' या क्रमांकाने चालू ठेवले. त्याचा विषय 'मॅन-मशीन इंटरफेस', म्हणजे माणूस आणि यंत्र यांच्यातील संवादाची रीत. चुकीचा संकेत दाबल्यावर अँड्रॉइड फोनच्या पडद्यावर 'इनव्हॅलिड एमएमआय कोड' असा जो कोरडा निरोप झळकतो, त्यातील एमएमआय ही तीन अक्षरे याच मानकाच्या नावातून आलेली आहेत. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला पहिला मोबाईल कॉल झाला, तेव्हा ही रीत हँडसेटसोबत तयार होऊनच इथे आली होती.

या मानकातील आज्ञांना रीतसर व्याकरण आहे, आणि ते एकदा समजले की याद्या पाठ करण्याचे कारण उरत नाही. प्रत्येक सेवेला एक क्रमांक दिलेला आहे: येणारे सगळे कॉल सरसकट दुसरीकडे वळवणे म्हणजे २१, फोन उचलला नाही तर वळवणे म्हणजे ६१, फोन बंद किंवा रेंजबाहेर असेल तर वळवणे म्हणजे ६२, दुसरा कॉल चालू असताना वळवणे म्हणजे ६७, आणि बोलणे चालू असता दुसरा कॉल आल्याची सूचना देणारी कॉल वेटिंगची सेवा म्हणजे ४३. सेवाक्रमांकाच्या आधी येणारी चिन्हे क्रियापदाचे काम करतात. एकच स्टार लावला तर सेवा चालू होते, एकच हॅश लावला तर ती थांबते, दोन स्टार लावले तर नवा क्रमांक नोंदवून सेवा चालू होते, दोन हॅश लावले तर ती नोंदच पुसली जाते, आणि स्टारनंतर हॅश लावला तर काहीही न बदलता केवळ सद्यःस्थिती विचारली जाते. आज्ञेचा शेवट नेहमी हॅशने होतो. त्यामुळे *#२१# म्हणजे 'माझे सगळे कॉल कुठे वळवलेले आहेत काय?' हा प्रश्न ठरतो, ##२१# म्हणजे 'वळवले असतील तर ती नोंद पुसून टाक' ही आज्ञा ठरते, आणि सर्व प्रकारच्या वळवणीला मिळून ००२ हा क्रमांक दिलेला असल्यामुळे ##००२# या एका आज्ञेत सगळ्या नोंदी निघून जातात. ६१ या सेवेत तर फोन किती सेकंद वाजू द्यावा हेही सांगता येते. पाचपासून तीसपर्यंत, पाच-पाच सेकंदांच्या पायऱ्यांनी.

प्रश्न विचारणारे आणि बदल घडवणारे असे संकेतांचे दोन वर्ग या व्याकरणातच दिसतात, आणि सामान्य वाचकाने पहिल्या वर्गापासून सुरुवात करणे शहाणपणाचे. मात्र उत्तर वाचतानाही थोडी समज लागते. *#६२# विचारल्यावर पडद्यावर एखादा अनोळखी क्रमांक उमटला, की आपला फोन कुणीतरी ऐकत असल्याच्या कल्पनेने माणसे हादरतात; वास्तविक फोन बंद असताना आलेल्या कॉलची सूचना देणारी किंवा निरोप नोंदवून ठेवणारी सेवा अनेक कंपन्या पुरवतात आणि तो क्रमांक बहुधा त्या सेवेचा असतो. याच्या उलट, *#२१# चे उत्तर 'वळवलेले नाही' असे आले म्हणजे फोनवर पाळत नाही असा दिलासा वाटून घेणेही चूक आहे, कारण कायदेशीर परवानगीने होणारे संभाषणाचे श्रवण कंपनीच्या यंत्रणेच्या आत घडते आणि फोनमध्ये शिरलेले हेरगिरीचे सॉफ्टवेअर कॉल वळवतच नाही. यांपैकी कशाचाही मागमूस या संकेताच्या उत्तरात लागत नाही. समाजमाध्यमांवरच्या याद्यांत मात्र *#२१# हा हमखास 'टॅपिंग ओळखण्याचा कोड' म्हणून येतो.

सिमकार्डाकडे जाणारे संकेत थोडे आहेत, पण त्यांचे परिणाम कायमचे असू शकतात. **०४* ने सुरू होणाऱ्या आज्ञेने सिमचा पिन बदलता येतो. पिन तीनदा चुकला तर सिम अडते, आणि ते सोडवण्यासाठी पीयूके नावाचा आठ अंकी क्रमांक **०५* च्या आज्ञेबरोबर द्यावा लागतो. हा पीयूके दहा वेळा चुकला की ते सिम कायमचे निकामी होते आणि कंपनीकडून नवे घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

हँडसेटमध्येच उत्तर मिळणाऱ्या संकेतांत सर्वांत परिचित म्हणजे *#०६#. तो दाबताच, हिरवे बटण न दाबताही, पडद्यावर पंधरा अंकांचा आयएमईआय, म्हणजे त्या हँडसेटचा जगभरात एकमेव असा ओळखक्रमांक उमटतो. दोन सिमच्या फोनवर असे दोन क्रमांक दिसतात. पहिल्या आठ अंकांवरून उत्पादक आणि मॉडेल कळते, पुढचे सहा त्या नगाचे असतात आणि शेवटचा अंक ताळ्याचा असतो, तो असा: आधीच्या चौदा अंकांपैकी दुसरा, चौथा, सहावा असे सम स्थानांवरचे अंक दुप्पट करायचे, दुपटीत दोन अंक आले तर ते एकमेकांत मिळवायचे, मग सगळ्यांची बेरीज करायची आणि ती दहाच्या पटीत नेण्यासाठी जेवढे कमी पडेल तेवढा शेवटचा अंक असायला हवा. ही रीत आयबीएममधील हान्स पीटर लून यांच्या नावाने ओळखली जाते आणि बँकेच्या कार्डांवरील क्रमांकांनाही तीच लावतात. घाईने ठोकून दिलेला खोटा आयएमईआय पुष्कळदा या साध्या बेरजेतच उघडा पडतो.

आयएमईआयचा महाराष्ट्राशी एक प्रत्यक्ष संबंध आहे. चोरीला गेलेल्या हँडसेटचा आयएमईआय एका मध्यवर्ती नोंदवहीत घालून तो देशातल्या कोणत्याही कंपनीच्या सिमवर चालूच नये, अशी 'सीईआयआर' ही व्यवस्था दूरसंचार विभागाने उभारली, तिचा पहिला प्रयोग सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतून महाराष्ट्रासाठी सुरू झाला, आणि मे २०२३ मध्ये 'संचार साथी' या संकेतस्थळावरून ती देशभरच्या नागरिकांना खुली झाली. जुना फोन विकत घेणाऱ्याने *#०६# ने मिळालेला क्रमांक, केवायएम या अक्षरांनंतर जागा सोडून, १४४२२ या क्रमांकावर एसएमएसने पाठवला तर त्या हँडसेटचा तपशील परत येतो. खोक्यावर छापलेला, पडद्यावर दिसणारा आणि एसएमएसमधून कळणारा तपशील जुळतो की नाही हे पाहणे एवढे एकच काम लोकांनी नियमाने केले, तरी या विषयाचा अर्धा व्यावहारिक लाभ पदरात पडेल. आयएमईआय बदलणे हा २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस आणि पन्नास लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र असा गुन्हा आहे.

*#०६# मानकातच असल्यामुळे तो सर्वत्र चालतो. बाकी हँडसेटमधले संकेत मात्र ज्याच्या त्याच्या घरचे असतात. उत्पादकांनी ते कारखान्यातील तपासणीसाठी आणि दुरुस्ती केंद्रांतील कारागिरांसाठी ठेवले आणि त्यांना लक्षात राहावेत म्हणून अंकांमागे इंग्रजी अक्षरे लपवली. जुन्या नोकियावर *#९२७०२६८९# दाबले की फोन कोणत्या महिन्यात तयार झाला आणि एकंदर किती तास बोलण्यासाठी वापरला गेला ते दिसे, आणि त्या अंकांना कीपॅडवरच्या अक्षरांत वाचले की 'वॉरंटी' हा शब्द, मधल्या एका अक्षराच्या जागी शून्य येऊन, तयार होतो. अँड्रॉइडवरील *#*#४६३६#*#* मधल्या चार अंकांतून 'इन्फो' निघते. नोकियाच्याच *३३७०# विषयी मात्र एक विलक्षण अफवा वर्षानुवर्षे फिरत राहिली, की बॅटरी संपत आली असता तो दाबल्यास राखीव विजेचा साठा उघडतो. प्रत्यक्षात तो आवाजाच्या अधिक चांगल्या संकेतनाची पद्धत सुरू करणारा संकेत होता आणि त्याने बॅटरी वाचण्याऐवजी अधिकच खर्ची पडे.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे सिग्नलच्या मोजमापाकडे. पडद्याच्या कोपऱ्यातल्या कांड्या पाहून 'रेंज आहे' किंवा 'रेंज नाही' असा निर्णय करण्याची सवय इतकी रुळलेली आहे की त्या कांड्या हे मोजमाप नसून मोजमापाचे चित्र आहे, ही गोष्ट विसरली जाते. किती शक्तीला किती कांड्या दाखवाव्यात याचे कोणतेही सार्वत्रिक मानक नाही. तो उत्पादकाचा आणि काही अंशी मोबाईल कंपनीचा निर्णय असतो. याचा जाहीर पुरावा २०१० मध्ये मिळाला. त्या वर्षी जूनमध्ये बाजारात आलेला आयफोन ४ डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यावर हाताने झाकला गेला की कांड्या एकाएकी उतरतात, अशा तक्रारी सुरू झाल्या; २ जुलैच्या पत्रात अ‍ॅपलने कबूल केले की कांड्या काढण्याचे त्यांचे सूत्रच साफ चुकीचे होते आणि अनेक ठिकाणी ते खऱ्यापेक्षा दोन कांड्या अधिक दाखवत होते. अँटेनाची अडचणही खरीच होती आणि पुढे कंपनीला फोनभोवतीचे आवरण मोफत वाटावे लागले. तरी लक्षावधी लोक ज्या चित्रावर विसंबून होते ते चित्र सॉफ्टवेअरमधल्या एका दुरुस्तीने रातोरात बदलू शकते, हे या प्रकरणातून लोकांसमोर आले.

चित्रामागचा आकडा डीबीएम या एककात असतो. एक मिलिवॅट शक्तीला शून्य मानून ही मोजपट्टी आखलेली आहे, आणि टॉवरपासून फोनपर्यंत पोहोचणारी शक्ती त्याहून फारच कमी असल्यामुळे आकडे नेहमी ऋण असतात. तेव्हा उणे ७० हा उणे ११० पेक्षा चांगला, ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवायची. दुसरी गोष्ट अशी की ही पट्टी सरळ चालीची नसून गुणाकाराची आहे: दहाचा फरक म्हणजे शक्तीत दहापट, वीसचा म्हणजे शंभरपट आणि तीसचा म्हणजे हजारपट फरक. उणे ९० डीबीएम म्हणजे एका वॅटचा एक लाख कोटीवा भाग, आणि एवढ्याशा शक्तीवर फोन बिनतक्रार चालतो. घराच्या दारात उणे ८५ आणि आतल्या खोलीत उणे १०५ आकडा दिसला, तर मधल्या भिंतींनी शंभरातले नव्याण्णव भाग खाल्ले असा त्याचा अर्थ होतो. सिग्नल क्षीण झाला की टॉवरपर्यंत आपले म्हणणे पोहोचवण्यासाठी फोन स्वतःची प्रक्षेपणशक्ती वाढवत नेतो; डोंगराळ मुलुखातून किंवा रेंज येत-जात असलेल्या रस्त्यावरून प्रवास करताना बॅटरी भराभर उतरते, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

हा आकडा पाहण्याच्या वाटा फोनगणिक वेगळ्या आहेत. अनेक अँड्रॉइड फोनवर वर सांगितलेला *#*#४६३६#*#* चाचणीचा पडदा उघडतो. सॅमसंगच्या पुष्कळ मॉडेलांवर तो चालत नाही आणि त्याऐवजी *#००११# हा सेवापडदा असतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* दाबून हिरवे बटण दाबले की 'फील्ड टेस्ट' उघडते. संकेताचा शेवट होताच, बटण न दाबता उत्तर आले तर ते हँडसेटने किंवा सिमने दिले आणि हिरवे बटण दाबावे लागले तर ते कंपनीच्या जाळ्याकडून, म्हणजे नेटवर्ककडून आले, हा ढोबळ नियम बहुतेक ठिकाणी लागू पडतो. आयफोनची फील्ड टेस्ट हा त्याला ठळक अपवाद आहे. शंका असल्यास फोन विमान-मोडवर टाकून संकेत पुन्हा दाबावा. जाळे तुटलेले असतानाही उत्तर आले, तर ते जाळ्याने दिलेले नाही हे उघड आहे.

पडदा उघडल्यावर आकड्यांची गर्दी दिसते आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. टू-जीमध्ये जो आकडा पाहिला जाई तो आरएसएसआय, म्हणजे त्या पट्ट्यात फोनपर्यंत आलेली एकंदर शक्ती, ज्यात हवा तो सिग्नल, शेजारच्या टॉवरांची ढवळाढवळ आणि नुसता गोंगाट हे सगळेच आले. फोर-जीमध्ये पाहायचा आकडा आरएसआरपी असतो. टॉवर मधूनमधून ओळखीचे संदर्भ-सिग्नल सोडतो आणि त्यांतील एका अगदी अरुंद कप्प्यात सरासरी किती शक्ती आहे ते हा आकडा सांगतो. सगळ्या पट्ट्याची बेरीज आणि एका कप्प्याची सरासरी यांत मुळातच अंतर असल्याने एकाच जागी आरएसआरपी हा आरएसएसआयपेक्षा वीस-पंचवीसने किंवा त्याहूनही अधिक खाली दिसतो. तेव्हा 'टू-जीवर उणे ८५ होते, फोर-जीवर उणे १०५ झाले, म्हणजे फोर-जी निकृष्ट' ही तुलना मुळातच चुकीची आहे. स्थूलमानाने आरएसआरपी उणे ८० किंवा त्याहून वर असेल तर उत्तम, उणे १०० च्या आसपास कामापुरता, आणि उणे ११० च्या खाली गेला की अडचणी सुरू होतात, असे मानता येते.

तथापि शक्ती म्हणजे गुणवत्ता नव्हे. लग्नाच्या मांडवात बँडचा ताफा वाजत असताना शेजारचा माणूस मोठ्याने बोलला तरी शब्द कळत नाही आणि निजानीज झाल्यावर कुजबुजही ऐकू येते, तसाच संबंध सिग्नल आणि गोंगाट यांच्यात असतो. तो मोजणाऱ्या आकड्याला एसआयएनआर म्हणतात. तो २० च्या पुढे असेल तर फोर-जी भरधाव चालते, आणि शून्याच्या खाली गेला तर कांड्या भरलेल्या दिसूनही पान उघडत नाही. त्याही पलीकडे एक गोष्ट उरते, ती कोणताही सिग्नल-आकडा सांगत नाही, आणि ती म्हणजे त्या टॉवरवर त्या क्षणी असलेला भार. गणपती विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर किंवा आषाढीला पंढरपुरात शक्ती आणि शुद्धता दोन्ही चांगल्या असूनही डेटा ठप्प होऊ शकतो, कारण टॉवरची क्षमता हजारो फोनांत वाटली जाते. अशा वेळी सिग्नल शोधत गच्चीवर जाण्यात काही अर्थ नसतो.

याच पडद्यावर फोन कोणत्या बँडवर आहे, म्हणजे कोणत्या कंप्रतेचा पट्टा वापरतो आहे, हेही दिसते, आणि घरात रेंज न येण्याचे कोडे पुष्कळदा इथे उलगडते. बँड ५ म्हणजे ८५० मेगाहर्ट्झचा पट्टा दूरवर जातो आणि भिंतींतून बऱ्यापैकी आत शिरतो. बँड ४० म्हणजे २३०० मेगाहर्ट्झचा पट्टा अधिक माल वाहतो, पण काँक्रीटपुढे लवकर हतबल होतो. एकाच इमारतीत, एकाच कंपनीचे सिम असलेल्या दोन फोनांवर वेगवेगळे अनुभव येतात ते कित्येकदा दोघे वेगवेगळ्या बँडला धरून असल्यामुळे. चाचणीच्या पडद्यात जाळ्याचा प्रकार सक्तीने निवडण्याची सोयही असते. ती वापरून 'केवळ एलटीई', म्हणजे केवळ फोर-जी, ठरवले तर डेटा स्थिर होऊ शकतो, परंतु त्या सिमवर फोर-जीमधून बोलण्याची, म्हणजे व्होएलटीईची सोय चालू नसेल तर येणारे-जाणारे कॉल बंद पडतात. ही निवड करून विसरून गेलेल्या माणसाला आपला फोन बिघडला असे वाटले तर त्यात नवल नाही.

आता पुन्हा संकेतांच्या प्रकारांकडे. कंपनीची नोंदवही, सिम आणि हँडसेट यांच्यानंतरचा चौथा वर्ग यूएसएसडीचा, म्हणजे मोबाईल कंपनीशी थेट चालणाऱ्या लेखी प्रश्नोत्तराचा. मानकाला ठाऊक नसलेली, पण हॅशने संपणारी जुळणी दिसली की हँडसेट ती जशीच्या तशी कंपनीकडे पाठवतो. कंपनीची यंत्रणा पडद्यावर उत्तर किंवा मेनू दाखवते, आणि एसएमएसच्या उलट, हा मजकूर कुठे साठून न राहता संवाद संपताच नाहीसा होतो. प्रीपेडची शिल्लक दाखवणारे संकेत याच जातीचे. ते कंपनीगणिक, आणि एके काळी सर्कलगणिकही, निराळे असत. दूरसंचाराच्या नकाशात मुंबई हे एक सर्कल आणि गोव्यासह उरलेला महाराष्ट्र हे दुसरे, असे असल्यामुळे एकाच भाषेच्या वाचकांना एकच यादी पुरत नसे. या तंत्राचा सर्वांत मोठा सार्वजनिक उपयोग म्हणजे राष्ट्रीय देयक निगमाची *९९# ही बँकसेवा. ऑगस्ट २०१४ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेली ही सेवा इंटरनेट नसलेल्या साध्या फोनवरून खात्यातील शिल्लक पाहणे आणि पैसे पाठवणे शक्य करते, तिच्या भाषांत मराठीही आहे, आणि तिच्यावरील संदेशशुल्क दूरसंचार नियामक ट्रायने एप्रिल २०२२ मध्ये काढून टाकले.

कीपॅडवरच्या आज्ञा किती बळ बाळगून असतात हे दोन प्रकरणांतून कळले. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये ब्वेनोस आयरेस येथील एकोपार्टी या सुरक्षापरिषदेत, बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधक रविशंकर बोरगांवकर यांनी दाखवून दिले की वेबपानात फोन-क्रमांकाच्या दुव्याच्या वेषात सेवासंकेत दडवला, तर त्या काळचे काही सॅमसंग फोन तो न विचारता स्वतःच दाबत आणि फोनमधला सगळा मजकूर पुसून मोकळे होत; त्याच मार्गाने चुकीचा पीयूके दहा वेळा देऊन सिम मारता येते, हेही त्यांनी दाखवले. दोष पुसण्याच्या संकेतात नव्हता, तो दुरुस्ती केंद्रासाठीच होता. दोष होता तो, आज्ञा बोटांनी दाबली गेली आहे की बाहेरून आली आहे, याचा विचार न करणाऱ्या सॉफ्टवेअरचा. फोन सुरक्षित आहे का हे तपासण्यासाठी मग अशाच दुव्यात निरुपद्रवी *#०६# घालून पाहण्याची युक्ती रूढ झाली: पान उघडताच आयएमईआय आपोआप उमटला, तर फोन धोक्यात.

दुसऱ्या प्रकरणात सॉफ्टवेअरचा दोष मुळीच नाही, आणि म्हणून ते अधिक अवघड आहे. रिलायन्स जिओने सप्टेंबर २०१६ मध्ये जुन्या टू-जी आणि थ्री-जीशिवाय केवळ फोर-जीचे जाळे उभारून सेवा सुरू केली, तेव्हा जुन्या स्विचांसाठी घडवलेल्या २१ किंवा ६२ च्या आज्ञांना तिथे जशीच्या तशी जागा नव्हती आणि कॉल वळवण्यासाठी ४०१ पासून सुरू होणारे कंपनीचे स्वतःचे संकेत आले. 'तुमचे सिम बंद पडणार आहे' किंवा 'पार्सल अडले आहे' असे सांगून लोकांना *४०१* नंतर एक दहा अंकी क्रमांक दाबायला लावणारे भामटे याचाच फायदा घेऊ लागले. संकेत दाबताच येणारे सगळे कॉल त्यांच्याकडे वळत, आणि एसएमएस वळत नसला तरी ओटीपी आवाजी कॉलने मागवता येत असल्याने व्हॉट्सअ‍ॅपसारखी खाती त्यांच्या हाती पडत. अखेर दूरसंचार विभागाने मार्च २०२४ मध्ये आदेश काढून यूएसएसडीच्या मार्गाने कॉल वळवण्याची सोय १५ एप्रिलपासून थांबवायला कंपन्यांना सांगितले. संकेताचे व्याकरण ठाऊक नसलेल्या माणसाला *४०१* आणि *#०६# यांत काही फरक दिसत नाही, ही या फसवणुकीची खरी पायाभरणी होती.

या पार्श्वभूमीवर प्रस्तुत पुस्तकात कोणते संकेत घ्यायचे याची निवड केलेली आहे. विचारणारे संकेत सर्व दिलेले आहेत आणि प्रत्येकापुढे तो हँडसेट, सिम, कंपनीची नोंदवही की कंपनीची स्वतःची सेवा यांपैकी कुणाकडे जातो हे नोंदवले आहे. बदल घडवणारे संकेत, ते मागे घेण्याचा संकेत जिथे उपलब्ध आहे तेथेच, त्याच्या शेजारी छापले आहेत. फोन पुसणारे संकेत मुद्दाम गाळले आहेत. तेच काम सेटिंग्जमध्ये दोनदा विचारून होते आणि कारागिरांना ते संकेत आधीच पाठ असतात. जे संकेत केवळ काही मॉडेलांवर चालतात त्यांच्यापुढे तशी नोंद आहे, परंतु सॉफ्टवेअर अद्ययावत होताना उत्पादक असे संकेत पूर्वसूचना न देता बंद करतात. म्हणून एखादा संकेत निरुत्तर राहिला तर आधी तो आपल्या फोनच्या चालू आवृत्तीत शिल्लक आहे काय, हे पाहावे.